परदेशी टीमबरोबर काम करणाऱ्यांचं ट्रेनिंग: सेशन छान होतं, भांडणं तीच राहतात

प्रश्न – ट्रेनिंग बघणारी
जर्मन आणि जपानी टीमबरोबर काम करणाऱ्या साठेक जणांचं ट्रेनिंग माझ्याकडे आहे. मागे बाहेरून ट्रेनर बोलावले. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या, वेळ पाळा, असं दिवसभर चाललं. फॉर्मवर सगळ्यांनी 'उत्तम' लिहिलं. पंधरा दिवसांत पुन्हा तेच: इकडून "ते फार तोडून बोलतात", तिकडून "हे हो म्हणतात आणि करत नाहीत". काय बदलू?

उत्तर – डिलिव्हरी सांभाळणारा
ताई, फॉर्मवरून सेशन आवडलं एवढंच कळतं. आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो. कॉलवर जर्मन मॅनेजरने विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल?" आमचा मुलगा जरा थांबला, मग म्हणाला, "प्रयत्न करतो." त्याच्या मनात ते 'नाही' होतं, तिकडे 'हो' म्हणून नोंदलं गेलं. शुक्रवारी दोघेही दुखावले.

पुढच्या सेशनला त्या दोघांना विचारून आम्ही हाच प्रसंग घेतला आणि तिकडची टीमही बसवली. तो का थांबला असेल, असं विचारल्यावर मॅनेजर म्हणाला, "मला वाटलं, कॅलेंडर बघतोय." आमची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. समोरच्याला सगळं कळतं आणि तो मुद्दाम रेटतो, असंच ती धरून चालली होती. म्हणून सांगतो, एकाच बाजूला शिकवू नका.

प्रसंगावरून शिकवणं तसं जुनंच आहे. इलिनॉय विद्यापीठात १९६०च्या दशकात असं साहित्य तयार झालं होतं: प्रसंग वाचायचा, दिलेल्या अर्थांतला एक निवडायचा, मग तो बरोबर का किंवा चूक का ते वाचायचं. खरं शिक्षण त्या 'का'मध्ये आहे.

उत्तर – भाषा शिकवणारी
एक विनंती, कुठल्या देशाचे लोक कसे वागतात हे आकड्यांत सांगणारे तक्ते जपून वापरा. असे तक्ते करणारे डच संशोधक हॉफस्टेड यांचे मूळ आकडे १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून घेतलेले आहेत, आणि ती देशाची सरासरी आहे. समोरच्या एका माणसाला ती लावता येत नाही. जपानी 'हाय'चंच बघा. शब्दकोशात अर्थ 'हो', पण बोलताना कित्येकदा नुसतं 'ऐकतोय'. हे कळतं ते सोबत काम करताना.

ट्रेनिंग बघणारी
मग दिवसभराऐवजी महिन्याला तासभर ठेवू? आणि फरक पडला हे कशावरून ओळखायचं?

डिलिव्हरी सांभाळणारा
तासभर पुरतो, पण प्रसंग त्याच महिन्यातला हवा. फरक ईमेलमध्ये दिसतो. तीनेक महिन्यांनी आमच्या त्याच मुलाने लिहिलं होतं, "शुक्रवारी जमणार नाही, सोमवारी दुपारपर्यंत देतो." तिकडून एका ओळीचं उत्तर आलं, "ठीक आहे, सोमवार."