ओढणीला फ्रिंज लेस लावायचीय पण कापल्याबरोबर टोकं सुटायला लागलीत, काय करू?

सांगलीची_चिमणी
नमस्कार मंडळी. मी सांगलीची, कॉलेजला आहे, घरी आईची जुनी पायमशीन आहे आणि मला सरळ टीप तेवढी मारता येते, ब्लाउज वगैरे काही येत नाही हे आधीच सांगते म्हणजे त्या हिशोबानं सांगा. नवरात्रात पांढऱ्या कुर्त्यावर घ्यायला काळी प्लेन जॉर्जेटची ओढणी घेतलीय अडीच मीटरची आणि कापड पेठेतनं तिला लावायला मरून फ्रिंज लेस आणली, ती दोरे दोरे लोंबतात ना तसली झालर, सहा इंच लांबीची. दुकानदारानं मापून कापून दिली आणि घरी येईपर्यंत दोन्ही टोकांचे दोरे निघायला लागले, वरची पट्टीच उसवत चाललीय. त्यात खाली एक आडवा दोरा शिवलेला आहे तो काढायचा का ठेवायचा कळेना, आणि मला सहा इंच जरा जास्त वाटतायत, चार केली तर चालेल का, खालनं कात्रीनं सरळ कापू का? उरलेल्या तुकड्याचे कानातले करायचा विचार आहे, आणि एक जुना झोळा आहे त्याच्या फ्लॅपला पण काहीतरी लावायचंय. यूट्यूबवर सगळे हॉट ग्लू गन घेऊन बसलेत, मला शिवूनच करायचंय.

विश्रामबागची_शिलाईकाकू
अगं थांब, कात्री खाली ठेव आधी!! खालनं अजिबात कापू नको.

लेस हातात घे आणि एक दोरा नीट बघ. खाली टोकाला दोरा वळून परत वर गेलेला दिसतोय का, म्हणजे फासा आहे का? फासा असेल तर तो साधा दोरा नाही, बारीक साखळी विणलेली दोरी आहे ती, तिचा फासा कापला की एका टोकानं साखळी सुटत वरपर्यंत जाते आणि महिनाभरात सगळी झालर पिंजून निघते. असल्या लेसची लांबी कमी करायची तर वरनं करायची, म्हणजे पट्टी ओढणीच्या काठाच्या वर सरकवून उलट्या बाजूनं लावायची, वरचे दोन इंच दोरे ओढणीच्या मागं जातात आणि खाली चारच लोंबतात. पण तुझी ओढणी जॉर्जेट, त्यातनं मागचं सगळं दिसणार, तेव्हा तू सहाच ठेव नाहीतर दुकानात जाऊन चार इंची बदलून आण. फासा नसेल आणि नुसते सुटे दोरे असतील तर मात्र खालनं कापलं तरी चालतं, पण ते सुद्धा लावून झाल्यावर, ओढणी टांगून, दोरे विंचरून, मग.

तो खालचा आडवा दोरा म्हणजे झालर गुंतू नये म्हणून कारखान्यातच घातलेला साखळी टाका असतो. लावून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सगळं शिवून झालं की एका टोकाला सोडवून ओढायचा, बरोबर बाजू सापडली तर सर्रकन एका दमात निघतो, नाही निघाला तर दुसऱ्या टोकानं ओढून बघ. मुली उत्साहात आधीच काढतात आणि मग मशीनच्या पायाखाली दोरे येतात आणि रडारड.

टोकं सुटतायत त्याला उपाय असा. जिथं कापायचं तिथं पट्टीवर आधी सेलोटेप चिकटव, टेपच्या मधोमध काप, टेप तशीच ठेवून एक सेंटीमीटर आत दुमड आणि दुमडीवर मशीन पुढं-मागं दोनतीनदा फिरव, मग टेप सोलून टाक. आत्ता जे टोक उसवलंय तिथले दोनचार दोरे सरळ काढून टाक, जिथून पट्टी घट्ट लागते तिथून सुरुवात धर. ट्रान्सपरंट नेलपेंटचा एक हात पण चालतो, फक्त दोऱ्यांवर ओघळू देऊ नको, कडक होतात.

आता महत्त्वाचं. जॉर्जेट ओढणी हलकी आणि सहा इंची झालर जड. तशीच लावलीस तर काठ खाली ओढला जाईल, लाटा येतील, ओढणी खांद्यावरनं सारखी घसरेल ती वेगळीच. म्हणून काठाच्या मागं काळ्या सुती कापडाची एक इंचाची पट्टी धर, तिच्यावर ओढणी, तिच्यावर लेस, असे तीन थर एकत्र शिवायचे, वजन त्या पट्टीवर येतं. फक्त दोन आखूड बाजूंना लाव. ओढणीचा पन्हा छत्तीस इंच असेल तर दोन्हीकडचं मिळून दुमडीसकट दोन मीटर लेस पुरते. चारी बाजूंनी लावायची म्हटलं तर सात मीटर लागेल, नाचताना हातात गुंतेल आणि ओढणी धोपटीसारखी जड होईल, नकोच.

शिवताना लेस ताणायची नाही, ही एक गोष्ट लिहून ठेव भिंतीवर. ताणून लावली की मशीनमधनं निघाल्यावर ती आखडते आणि काठाला चुण्या पडतात. टाचण्यांपेक्षा हातानं कच्चा दोरा घाल, जॉर्जेट सरकतं. झालर पट्टीच्या अगदी खालपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेव म्हणजे मशीनखाली जात नाही. टाका मोठा ठेव. पट्टी रुंद असेल तर वर एक आणि खाली एक अशा दोन टिपा, पण दोन्ही टिपा एकाच दिशेनं मारायच्या, एक डावीकडनं आणि एक उजवीकडनं मारलीस तर पट्टीला पीळ बसतो. चेन लावायचा एका बाजूचा फूट असेल आईकडं तर तो लाव.

गल्लीतला_दादा
आणि एवढं करून पहिल्याच दिवशी कुणाच्यातरी दांडियात अडकणार 😂

विश्रामबागची_शिलाईकाकू
दादा तुम्ही शिवून दाखवा मग बोला.

सांगलीची_चिमणी
काकू थँक्यू!!! फासे आहेत खाली, बघितलं आत्ता. वाचले म्हणायचं. सहाच ठेवते. अजून एक, ओल्या हातानं धरली तर बोटाला थोडा मरून रंग लागला, आई म्हणते मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजव.

इचलकरंजी_प्रोसेस
मी इचलकरंजीला कापडाच्या प्रोसेसिंगमधे काम करतो म्हणून मधे पडतोय. आईंना माझा नमस्कार सांगा पण मिठानं तयार लेसचा रंग पक्का होत नाही. सूत आणि व्हिस्कोस रंगवताना रंगाच्या पाण्यात मीठ टाकतात हे खरं आहे, कारण मिठामुळं रंग पाण्यातनं धाग्याकडं जातो, पण एकदा रंगवून धुऊन बाहेर आलेल्या मालातला जास्तीचा न चिकटलेला रंग मीठ धरून ठेवत नाही. तुरटीचं तेच, ती वनस्पतींच्या रंगांना लागते आणि ती सुद्धा रंगवायच्या आधी.

धागा कशाचा आहे ते आधी बघा. दोन दोरे काढून चिमट्यात धरून जाळा, सिंकवर, पंखा बंद करून. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. कागद जळल्यासारखा वास आणि बोटानं चुरणारी राख झाली तर व्हिस्कोस किंवा सूत. तुमची रंग सोडणारी आणि झुळझुळीत लोंबणारी म्हणजे बहुतेक व्हिस्कोस असणार, लोक रेयॉन म्हणतात तीच. पॉलिस्टर असती तर टोकं मेणबत्तीच्या आचेनं चिकटवता आली असती, व्हिस्कोसला आच दाखवू नका, पेटते.

लावायच्या आधी लेस इंग्रजी आठच्या (8) आकारात सैल गुंडाळून तीन ठिकाणी सैल बांधा आणि गार पाण्यात हलवत धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर होतं, पिळायचं नाही, टॉवेलात दाबायचं. यात दुसरा फायदा असा की वरची पट्टी आटायची असेल तर आत्ताच आटते. सुकल्यावर पांढऱ्या ओल्या कापडावर ठेवून वरनं इस्त्री दाबा. कापडाला डाग आला तर ती लेस पांढऱ्या कुर्त्यावर वापरू नका, घामानं परत सोडणार.

माणदेशी_खिलार
वाचून मजा आली. मी आटपाडीकडचा, आमच्यात ही फॅशन बैलांची आहे राव 😄 बेंदराला बैल सजवायचा म्हणजे गळ्यात घुंगूरमाळ, शिंगांना गोंडे, पाठीवर झूल आणि झुलीला सगळीकडनं झालर. खरसुंडीच्या जत्रंला जावा, खिलार जनावरांच्या बाजारात गोंडे, म्होरक्या, कासरे विकणाऱ्यांची रांग असतीया आणि तिथं जे रंग बघायला मिळतात ते कुठल्या मॅचिंग सेंटरात न्हाईत. लोकरीचे गच्च गोंडे, लाल पिवळे हिरवे. ताईला झोळ्याला लावायचंय ना, तर असलं एक जोड घ्यावं, झोळ्याच्या फ्लॅपच्या दोन कोपऱ्याला टांगावं, लई भारी दिसतं, माझ्या बहिणीनं पुण्याला तसलाच झोळा नेलाय आणि तिथल्या पोरी विचारत्यात कुठल्या ब्रँडचा.

फकस्त एक बघून घ्या, गोंड्याच्या मुंडक्यात बोट घालून दोरा ओढून बघायचा. चांगल्या गोंड्यात मधनं एक जाड दोरी आरपार गेलेली असती आणि सगळे धागे तिच्यावर दुमडलेले असतात, तो कितीबी ओढा सुटत न्हाई, बैलानं मान झटकली तरी. स्वस्तातल्यात नुसतं वरनं तार गुंडाळून डिंक लावलेला असतो, तो झोळ्यावर आठवडा काढत न्हाई.

सांगलीची_चिमणी
दादा भारीच! खरसुंडी लांब पडेल आत्ता, घरी करता येतो का गोंडा? आणि बैलाचं मला घालायचं म्हटल्यावर आजी काय म्हणेल 😅

मिरजेची_पदरवाली
गोंडा घरी सोपा आहे गं. मी साड्यांच्या पदराला गोंडे करून देते, मिरजेत सीमेमुळं बऱ्याच जणी त्याला कुच्चू म्हणतात. भरतकामाच्या दोऱ्याची एक लडी आठ मीटरची असते, त्यात तीन इंची दोन गोंडे होतात. तीन इंच रुंदीचा जाड पुठ्ठा घे, त्यावर पंचवीस एक वेढे घाल, वरच्या बाजूनं वेढ्यांखालनं एक मजबूत दोरा घालून करकचून गाठ मार, हीच ती माणदेशी दादा म्हणतायत ती आरपार दोरी. मग खालनं काप, पुठ्ठा काढ, डोक्याखाली अर्ध्या इंचावर दुसरा दोरा आठदहा वेळा गुंडाळून त्याचं टोक सुईनं आत घाल. शेवटी किटलीच्या वाफेवर धर, वाकडेतिकडे दोरे सरळ होतात, मग तळ एका रेषेत काप. वाफेच्या आधी कापलंस तर तळ परत कमीजास्त होतो.

कानातल्यासाठी तर गोंडा करायची पण गरज नाही, तुझ्या उरलेल्या लेसचा तीनचार इंचाचा तुकडा घे, पट्टीवर फॅब्रिक ग्लूची बारीक रेघ ओढून पट्टीची घट्ट गुंडाळी कर, गुंडाळायच्या आधी सुरुवातीला एक कडी अडकव, शेवटचं टोक दोन टाके घालून बंद कर, वर गोंड्याची टोपी बसव. ग्लू गन नकोच, बरोबर आहे तुझं, तिचा डिंक उन्हात गाडीच्या डिकीत मऊ पडतो आणि कानातलं अर्ध्या रस्त्यात गळतं. सहा इंच कानाला लांब होईल पण ही साखळीवाली लेस खालनं कापता येत नाही ना, म्हणून तुकडा पट्टीच्या खाली दोन इंचावर टीप मारून तिथंच वरनं काप आणि त्या टिपेची गुंडाळी कर.

अजून एक सुचवू का, विकतची लेस विसरून. तुझ्याकडं हातमागाची किंवा खादीची सुती ओढणी असेल तर कापडाच्याच दशा काढ. काठापासून तीन इंचावर सरळ टीप मार, मग काठाकडनं एक एक आडवा धागा सुईनं ओढून काढत टिपेपर्यंत ये, उभे धागे उरतात त्याच दशा. मग दोन बारीक बटा घे, दोन्ही बटांना एकाच बाजूला घट्ट पीळ दे, आणि दोन्ही एकत्र करून उलट्या बाजूला वळ, खाली गाठ मार. सोडलंस तरी सुटत नाही, कारण दोन पीळ एकमेकाला अडवतात.

माणदेशी_खिलार
व्हय व्हय, कासरा पण असाच वळत्यात. आमचा आजा घायपाताचा वाक दारात बसून वळायचा, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून. शहरात ह्याचे पैशे घेत्यात होय 😄

मिरजेची_पदरवाली
घेतोच की 😄 एका पदराला अर्धा दिवस जातो दादा, मान धरते.

गल्लीतला_दादा
मग ती इंग्रजी पिक्चरमधे शंभर वर्षांपूर्वीच्या बायका नाचताना अंगभर झालरीचे फ्रॉक घालतात ते खरं का?

विश्रामबागची_शिलाईकाकू
१९२० च्या दशकातले ना. झालर होती, पण आपल्याला दिसते तेवढी नव्हती, खरे जुने फ्रॉक बघितले तर त्यात मणीकाम जास्त दिसतं, अंगभर झालर ही नंतरच्या पिक्चर आणि फॅन्सी ड्रेसवाल्यांनी वाढवलेली. पण नाचाला झालर का, हे खरं आहे, अंग थांबल्यावर सुद्धा ती अर्धा क्षण हलत राहते. म्हणून चिमणे तुझी व्हिस्कोसची झालर पॉलिस्टरपेक्षा चांगली दिसेल, ती जड असते, पडते. पॉलिस्टर हलकी, थंडीत कुर्त्याला चिकटून बसते.

झोळ्याला झालर हवीच असेल तर रेक्झिनची कर. सोफा-कुशनवाल्याकडं तुकडे पडलेले असतात, मागितले तर देतात. मागच्या बाजूनं पेननं अर्ध्या सेंटीमीटरवर रेघा मार, स्टीलची पट्टी आणि पेपर कटरनं काप, वर दोन सेंटीमीटर न कापता सोड. प्रत्येक रेघेच्या वरच्या टोकाला आधी पंचनं बारीक भोक पाडलंस तर चीर पुढं जात नाही. दोरे सुटायचा प्रश्नच नाही. शिवताना सुई सोळा नंबरची लाव, आणि टाका बारीक ठेवू नको, जवळजवळ भोकं पडली की रेक्झिन तिथंच फाटतं.

सांगलीची_चिमणी
लेस धुतली सगळ्यांनी सांगितलं तसं, आधी पाणी लालभडक, नंतर स्वच्छ आलं. पांढऱ्या रुमालावर इस्त्री दाबली तरी अगदी फिकट गुलाबी डाग आलाच 😣 आता?

इचलकरंजी_प्रोसेस
मग पांढरा कुर्ता नको. काळा किंवा मरूनच घाला.

विश्रामबागची_शिलाईकाकू
किंवा लेस मशीननं कायमची लावूच नको. त्या काळ्या सुती पट्टीवर लेस मशीननं शिव, आणि पट्टी ओढणीला हातानं लांब टाक्यानं टाच. नवरात्र झालं की दोरा ओढला की पट्टी सुटते, ओढणी वेगळी धू, झालर धुवायचीच नाही. ह्याच पट्टीला पुढच्या वेळी दुसरी ओढणी. कुर्ता मात्र गडद घाल, त्याला इलाज नाही.

आणि स्कूटीवर जाताना ओढणी अंगावर घ्यायची नाही, पिशवीत. नुसती ओढणीच चाकात जाते, ही तर सहा इंच झालरीची आहे. तिथं पोचल्यावर घाल.

सांगलीची_चिमणी
हो काकू. आजीची काळी इरकल आहे, तिचा कुर्ता शिवायला टाकलेला दर्जीकडं, तो मिळाला तर त्यावरच घेते. फोटो टाकते शिवून झाल्यावर.