आफ्रिकेच्या जंगलातले तुमचे अनुभव (अनुभव धागा)

रानवाट
काल कूनोतल्या चित्तिणीला पिल्लं झाल्याची बातमी वाचली आणि रात्रभर आजोबा आठवत राहिले. ते कोल्हापूरचे. लहानपणी त्यांनी संस्थानातले शिकारी चित्ते पाहिले होते. इथले चित्ते संपत आले तेव्हा संस्थानिक ते आफ्रिकेतून आणवायचे, कोल्हापुरातही तसे आले होते. बैलगाडीवर बसवून, डोळे झाकून माळावर न्यायचे. काळवीट दिसलं की चित्तेवान डोळ्यांवरचं काढायचा. आजोबा दर वेळी सांगायचे, "सोडल्या सोडल्या पळत नसे रे तो. आधी उजेडाला सरावायचा."

2016 च्या ऑगस्टमध्ये आम्ही केनियातल्या मसाई माराला गेलो. तिसऱ्या सकाळी एका वारुळावर चित्तीण बसलेली, खाली गवतात तीन पिल्लं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. डोळ्यांपासून ओठांपर्यंत उतरलेल्या त्या काळ्या रेघा एवढ्या जवळून बघताना मला आजोबांचाच आवाज ऐकू येत होता. हिचे डोळे कुणी झाकले नव्हते. तिने पिल्लांना हाक मारली ती चिमणीसारखी! एवढं जनावर आणि आवाज पाखराचा.

लांब हरणं चरत होती, तिचं लक्ष तिकडेच होतं. तेवढ्यात गाड्या जमल्या. एका जनावराजवळ पाचच गाड्या असा नियम आहे, पण तिथे दहा-बारा झाल्या. ती उठली आणि पिल्लं घेऊन निघून गेली. आमच्या ड्रायव्हरने न बोलता गाडी मागे वळवली. शिकार बघायची राहिली ते सोडा, त्या दिवशी ती पिल्लं उपाशी राहिली का, हे अजून मनात येतं.

तुम्ही कुणी गेला असाल तर लिहा. केनिया, टांझानिया, क्रुगर, कुठलंही. दोन ओळी लिहिल्या तरी चालेल.

पहाटगाडी
टांझानियातल्या गोरोंगोरो विवराची थंडी!! कुणीच आधी सांगत नाही. विषुववृत्ताच्या जवळ म्हणून आईसाठी सगळे सुती कपडे घेतले होते. त्या विवराचा काठ साधारण 2,300 मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरहून कितीतरी उंच. सकाळी सहाला लॉजमधलं ब्लँकेट गुंडाळून गाडीत बसवलं तिला. खाली उतरलो, धुकं उठलं आणि समोर काळा गेंडा, मागे पिल्लू. आई थंडी विसरली. नंतर दिवसभर जिराफ शोधत होती, पण विवरात जिराफ नाहीत. कडे फार उभे आहेत, त्यांना उतरता येत नाही म्हणतात.

परभणीकर
आमची गाडी मारातच रुतली, आदल्या रात्री पाऊस झालेला. ड्रायव्हर म्हणाला ही ब्लॅक कॉटन सॉइल आहे. मी म्हटलं थांब, ही तर आमची माती! तशीच चिकण, चाकाला गोळे धरणारी. खाली उतरून हातात घ्यायची फार इच्छा झाली, पण सिंह जवळ होते, उतरू दिलं नाही. दुसऱ्या गाडीने दोर लावून ओढलं. रात्री वडलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मग तिथं कापूस का लावत नाहीत?"

नैरोबीहून
@परभणीकर, वडिलांना सांगा, ती गुरांची जमीन आहे. माराभोवतीची बरीचशी जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची. ते ती वन्यजीवांसाठी भाड्याने देतात, म्हणून तिथे कुंपणं न पडता जनावरांना वाट मिळते. रात्री गुरं काटेरी झुडपांच्या गोल कुंपणात असतात. त्याला बोमा म्हणतात. आपल्याकडे धनगर मेंढरांभोवती वाघर लावतात ना, पाहिल्यावर तेच आठवलं.

घाईत आहे, गेंड्याबद्दल नंतर लिहितो.

फराळवाली
केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांना 2017 पासून बंदी आहे हो!! आमचा सगळा फराळ पिशव्यांत भरलेला. निघायच्या रात्री बाराला पुतणीने सांगितलं. मग लाडू, चकली, शेव सगळं स्टीलच्या डब्यांत, सामानाचं वजन दीडपट. पण तिकडे चकली मऊ पडली. डबा घट्ट होता तरी.

माजघर
@फराळवाली भाजणीत पोहे जास्त झाले असतील. नाहीतर गरम असताना डबा लावलात.

फराळवाली
गरमच लावला ना, रात्री बारा वाजता कोण थांबतंय. पोहे किती घालता तुम्ही?

सहा दिवस
पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या आणि दाखला पासपोर्टला जोडून ठेवा. माझ्या दिरांचा दाखला प्रवासात कुठेतरी पडला. परत उतरल्यावर 6 दिवस विलगीकरणात. घरी मुलगी आजारी होती, फार हाल झाले. लस एकदाच घ्यावी लागते, आयुष्यभर चालते.

निळी शाल
आम्ही दोघांनी केनियातलं अंबोसेली ठरवलं होतं. हे गेले. तिकिटं होती, मुलगा म्हणाला आई जाऊया. किलिमांजारो दोन दिवस ढगात. तिसऱ्या दिवशी पहाटे दिसला, बर्फासकट. खाली दलदलीत हत्ती पोटापर्यंत पाण्यात. ते पाणी त्याच डोंगराचं, जमिनीखालून येतं. एक कळप हाडांपाशी थांबला. हत्तिणीचीच हाडं होती. एकेक जण सोंडेने हळूच चाचपत होता. कुणाला घाई नव्हती. मी पण तिथेच रडले, त्याआधी रडूच आलं नव्हतं मला.

माजघर
ताई 🙏 काय बोलू. फोन करावासा वाटतोय तुम्हाला.

पहाटगाडी
निळी शाल, मुलाला आशीर्वाद. त्याने योग्य केलं.

नैरोबीहून
ताई, अंबोसेलीत 1972 पासून हत्तींच्या कुटुंबांचा अभ्यास चालू आहे, एकेक हत्ती ओळखीचा आहे तिथे. तुम्ही पाहिलेल्या कळपालाही नावं असणार.

गेंड्याचं राहिलं होतं. केनियातल्याच ओल पेजेटा अभयारण्यात गेलो होतो तेव्हा उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांतला शेवटचा नर, सुदान, जिवंत होता. बंदूकधारी रक्षक दिवसरात्र. त्याच्या कातडीवर हात ठेवू दिला होता, उन्हाने तापलेली होती. 19 मार्च 2018 ला तो गेला. आता नाजिन आणि फातू, दोघी माद्याच उरल्यात, त्याची लेक आणि नात.

नदीकाठ
मारा नदीवर साडेचार तास बसलो. हजारो विल्डबीस्ट (गुरांसारखी दिसणारी मोठी हरणं) काठावर, पुढचा पाय पाण्यात घालून मागे. एकही ओलांडला नाही. शेवटी एक झेब्रा गेला आणि सगळे त्याच्यामागे. दहा मिनिटं फक्त धूळ आणि हंबरडे. मगरीने एक वासरू धरलं, ते मी सांगणार नाही.

चहाबाज
ताडोबाचं डिसेंबरचं बुकिंग कुणाला मिळालं का? मोहर्ली गेट. इथे विचारतोय, माफ करा.

माजघर
वाटीभर पोहे, चार वाट्या तांदळाला. @फराळवाली

पंचगंगा
रानवाट, तुमचं सकाळी वाचलं, तेव्हापासून कामात लक्ष नाही. माझे पणजोबा चित्तेवान होते. माळ्यावर ट्रंकेत चामड्याची एक टोपी आहे, डोळ्यांवर ओढायची. लहानपणी आम्ही ती मांजराला घालायचो, आजी ओरडायची. कुणाची ते तुमचं वाचून आज कळलं.

रानवाट
पंचगंगा, मी रविवारी कोल्हापुरात आहे. आजोबांच्या घरी. बघायला येऊ का?