पहिलीतला मुलगा एका जागी बसत नाही, शाळेचं नाव काढलं की रडतो. बडोद्यात कुणाला दाखवावं?

रावपुरा_आई
नमस्कार मंडळी. मुलगा पहिलीत आहे, इंग्रजी माध्यम. मेच्या शेवटी सहा पूर्ण झाले, म्हणजे १ जूनच्या नियमात जेमतेम बसला. वर्गात सगळ्यांत लहान तोच. वहीत रोज शेरा येतो, काम अर्धवट, जागेवर बसत नाही, पेन्सिल हरवली. सकाळी गणवेश काढला की याच्या पोटात दुखतं, रविवारी दुखत नाही. घरी ठोकळ्यांशी तासभर खेळतो, रात्री सांगितलेली गोष्ट सकाळी शब्दन्‌शब्द सांगतो. पण चप्पल घाल, डबा घे, दप्तर उचल असं एका दमात सांगितलं की चपलेवरच अडकतो. सासूबाई म्हणतात लाडावलाय. पालकसभेत टीचर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "याला कुठेतरी दाखवून घ्या." त्या दिवसापासून झोप नाही मला.
कुणाला दाखवू? शाळा बदलू का? हे मकरपुरा जीआयडीसीत आहेत, मी घरी शिवणकाम करते. महिन्याला तीन हजारांच्या वर खरंच जमणार नाही. धाकटी दीड वर्षाची आहे, फार लांब जाता येणार नाही.

अलकापुरी_वेस्ट
ताई, शाळा बदला, दुसरा उपायच नाही. आमची मुलगी शहराबाहेरच्या मोठ्या शाळेत आहे. वर्गात वीसच मुलं, दोन टीचर, स्विमिंग, घोडेस्वारी, एसी बस दारात. तीही आधी रडायची, आता सुट्टीतही शाळेत जायचं म्हणते. फी वर्षाला दीड लाखाच्या आसपास पडते, पण मुलांच्या बाबतीत पैशाकडे बघू नये असं आमचं मत.

सलाटवाडा_आजोबा
सूनबाई, घाबरू नका. सहा वर्षांचं पोर पाच तास बाकावर बसत नाही यात नवल काय? याच्या अंगात ताकद आहे, तिला वाट द्या. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, प्रो. माणिकरावांचा आखाडा. मी तिथे मल्लखांब शिकलो, माझे दोन्ही मुलगे शिकले. मल्लखांबावर लक्ष हललं की माणूस खाली येतो, त्यामुळे लक्ष आपोआप लागतं. तुमच्या रावपुऱ्याहून पायी अंतर आहे. मोबाइल मात्र घरातून हद्दपार करा.

वाघोडियारोड_बाबा
पैसे देण्याआधी माझं ऐका. आम्हाला शाळेतूनच एका सेंटरचं कार्ड मिळालं होतं. दहाही बोटांचे ठसे घेतले, अठरा हजार रुपये घेतले आणि रंगीत फाइल हातात दिली. मुलगा जन्मजात नेता आहे, उजवा मेंदू जास्त चालतो, अमुक टक्के हे नि तमुक टक्के ते. मुलगा वर्गात का बसत नाही याबद्दल एक ओळ नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की बोटांच्या ठशांवरून बुद्धीही कळत नाही आणि लक्षही कळत नाही. पैसे परत मागितले तर फोन उचलत नाहीत. डोळ्यांना पट्टी बांधून रंग ओळखायला शिकवणारेही असेच. लांब राहा.

निझामपुरा_सिस्टर
मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. ताई, मानसोपचाराच्या आधी साध्या गोष्टी बघून घ्या. कान तपासा, डोळे तपासा. रात्री घोरतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो का? नाकामागच्या गाठी वाढल्या असतील तर झोप तुटत राहते आणि असं मूल दिवसा पेंगत नाही, उलट जास्त चळवळ करतं. या वयात ९ ते १२ तास झोप लागते. रक्तात हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगात साठलेलं लोह) बघायला सांगा, लोह कमी असलं तरी मूल चिडचिडं होतं, लक्ष लागत नाही. अजून एक, मधेच काही सेकंद शून्यात बघतो, हाक मारली, हात लावला तरी भानावर येत नाही, असं दिसतं का? तसं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, तो फिटचा एक प्रकार असू शकतो.
सयाजी हॉस्पिटलला केस पेपर काढून मुलांच्या विभागात दाखवा. कान-नाक-घसा आणि मनोविकार दोन्ही विभाग तिथेच आहेत. गर्दी असते, सकाळी लवकर जा, खर्च नावालाच.

अलकापुरी_वेस्ट
सरकारीत लहान मुलाला ताटकळत ठेवायचं? आमचे डॉक्टर अपॉइंटमेंटवर बघतात, आत झोपाळे, घसरगुंडी सगळं आहे.

कारेलीबाग_काकू
कान आधी तपासा हो. आमच्या भाच्याच्या कानात मळ होता, लोक त्याला मठ्ठ म्हणायचे. आणि साखर पूर्ण बंद करा. बिस्किटं, चॉकलेट, मैदा बंद. माझ्या नातवाला साखर दिली की तो भिंतीवर चढतो, मी डोळ्यांनी बघितलंय. सकाळी ब्राह्मीचं तूप अर्धा चमचा.

फतेगंज_लॅब
काकू, साखरेवर कितीतरी प्रयोग झालेत. मुलांना साखर आणि बिनसाखरेचं गोड देऊन पाहिलं, आईवडिलांनाही माहीत नव्हतं कुणाला काय दिलंय. वागण्यात फरक दिसला नाही. दातांसाठी कमी करा, ते योग्यच.

कारेलीबाग_काकू
प्रयोग कुणीही करो. नातू मी सांभाळते.

मांजलपूरकर
मूळ दुखणं माध्यमाचं आहे. घरी मराठी, सोसायटीत गुजराती, शाळेत इंग्रजी. सहा वर्षांच्या मुलाने कुठे लक्ष द्यायचं? ज्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये मुलांमुलींना सक्तीचं मोफत शिक्षण दिलं, त्यांच्या गावात आपण मुलांना न कळणाऱ्या भाषेत बसवतो.

फतेगंज_लॅब
१९०६ मध्ये संपूर्ण राज्यात लागू झालं. सुरुवात १८९३ मध्ये अमरेली भागात.

मांजलपूरकर
तेच म्हणतोय मी. संपूर्ण राज्यात १९०६.

गोत्री_पपा
माझी तिन्ही मुलं इंग्रजीत शिकली, एकालाही काही झालं नाही. मुलगा आता कॅनडात आहे. आज मराठी माध्यमात घातलंत तर पुढे कॉलेजात रडेल. अबॅकस लावा, एकाग्रता वाढते. आमच्या धाकट्याचा राज्यात नंबर आला होता.

विशेष_शिक्षिका_बडोदा
मी विशेष शिक्षिका आहे, पहिली-दुसरीच्या मुलांबरोबरच काम करते. ताई, तुमच्या वर्णनावरून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास, आहे असं मी म्हणणार नाही आणि नाही असंही म्हणणार नाही. त्याची रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. आईवडिलांशी सविस्तर बोलून, शाळेकडून आणि घराकडून वेगवेगळे फॉर्म भरून घेऊन, मुलाला बघून निदान होतं. त्रास किमान सहा महिने असावा लागतो, बारा वर्षांच्या आत सुरू झालेला असावा लागतो आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसावा लागतो. फक्त शाळेत दिसत असेल तर आधी शाळेत काय चाललंय ते बघावं लागतं. बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, असताना कसा होता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आठवून तारखांसकट लिहून ठेवा, डॉक्टर तेच पहिलं विचारतील.
ठोकळ्यांत तासभर रमतो म्हणून काही नाहीच, असं सासूबाईंना वाटणं साहजिक आहे. पण अशी मुलं आवडत्या कामात गढून जातात. कंटाळवाणं काम धरून ठेवणं त्यांना जड जातं.
मला तुमच्या पोस्टमधली पहिलीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मेच्या शेवटी सहा पूर्ण. शेजारच्या बाकावरचं मूल याच्याहून जवळजवळ वर्षाने मोठं असू शकतं. वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो, हे अनेक देशांच्या अभ्यासांत दिसलंय. तपासणाऱ्याला हे मुद्दाम सांगा.
घरी आजपासून करता येईल ते असं. एका वेळी एकच सूचना, जवळ जाऊन, डोळ्यांत बघून. चप्पल घातली की लगेच शाबासकी, मगच डबा. सकाळच्या कामांची चित्रं काढून दाराला लावा, झालं की त्याने स्वतः खूण करायची. बक्षीस लहान आणि त्याच दिवशी. रविवारी सायकल मिळेल हे त्याच्यासाठी फार लांबचं आहे. अभ्यास दहा मिनिटं, मग उठून पाणी भरून आणायचं, परत दहा मिनिटं. टीचरना भेटून दोनच गोष्टी मागा. पुढच्या बाकावर बसवा, आणि तासाच्या मधे फळा पुसायला किंवा वह्या गोळा करायला उठवा. वहीत रोज तक्रार येते तिथे एक तरी जमलेली गोष्ट लिहा म्हणावं. सगळ्यांसमोर त्याला असं बोलणं चूक आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी आहे. भांडायला जाऊ नका, पण हे माहीत असू द्या.
सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आधी आईवडिलांना वागणूक हाताळायचं प्रशिक्षण देतात, गोळीचा विचार त्यानंतर. सहाच्या पुढे दोन्हींचा एकत्र विचार होतो. तुमचा मुलगा बरोबर उंबरठ्यावर आहे, म्हणून घाई नको. खाजगीत गेलात तर मानसशास्त्रज्ञाचा भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्याचा राग येत असेल तर उठून या. दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे आत्ता धावू नका. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडी वेगळा लिहिलेला नाही, अध्ययन अक्षमता आहे, आणि ती पहिलीत ठरवत नाहीत.

प्रतापनगर_३
गोळीबद्दल लोक भलतंसलतं बोलतात म्हणून लिहितो. आमचा मुलगा तिसरीपासून घेतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वही पूर्ण व्हायला लागली आणि मुख्य म्हणजे मित्र झाले. आधी कुणी त्याला खेळात घ्यायचं नाही. दुपारची भूक मरते, त्यामुळे सकाळी भरपूर खाऊन पाठवतो, वजन-उंची डॉक्टर बघतात. तो झोपाळलेला, मंद होत नाही. नातेवाईक म्हणायचे सवय लागेल. त्यांना एकदा गृहपाठाला बसवलं याच्याबरोबर, नंतर कुणी बोललं नाही.

कारेलीबाग_काकू
लहान जिवाला गोळ्या नकोत बाई. कान तपासलेत का?

रावपुरा_आई
सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुम्ही विचारलं म्हणून रात्री जागून पाहिलं. घोरतो, तोंड उघडं असतं, आणि सारखा कूस बदलतो. हे कुणी आजवर विचारलंच नव्हतं. शून्यात बघत नाही, हाक मारली की वळतो. बालवाटिकेत चंचल होताच, पण रडायचा नाही, बाईंच्या मागे मागे असायचा. उद्या सयाजीला जातोय.

गोत्री_पपा
घोरतात सगळेच. अबॅकसचा नंबर हवा असल्यास कळवा.

सलाटवाडा_आजोबा
मल्लखांबाचं काय ठरलं?

रावपुरा_आई
दिवाळीच्या सुट्टीत लिहितेय. नाकामागच्या गाठी वाढलेल्या निघाल्या. नाकात मारायचा स्प्रे दिलाय, पुन्हा बोलावलंय, ऑपरेशन लागेल की नाही ते तेव्हा बघू म्हणाले. लोहही कमी होतं, औषध चालू आहे. मनोविकार विभागातल्या मॅडमनी आमच्या दोघांशी निवांत बोलून घेतलं. झोप सुधारल्यावर पुन्हा बघू, आत्ता नाव द्यायचं नाही, असं त्यांचं मत पडलं. दाराला चित्रं लावलीत, तो स्वतः खुणा करतो. आजोबा, आखाड्यात संध्याकाळी नेते, अजून नुसता लोंबकळतो, पण जायला तयार असतो.
शाळेचं मात्र आम्ही ठरवलंय आणि तुमच्यातल्या बहुतेकांना पटणार नाही. दुसऱ्या सत्रापासून घराजवळच्या समितीच्या (सरकारी) मराठी शाळेत घालतोय. मोठी शाळा आम्हाला झेपणार नाही, आणि आहे त्या शाळेत मी दोनदा जाऊन बोलले तरी बाक बदललं नाही. इथे वर्गात मुलं कमी आहेत. बाईंनी त्याला मांडीजवळ बसवून गोष्ट सांगायला लावली, त्याने पूर्ण सांगितली. फी नाही, व्हॅन नाही, ते पैसे तपासण्यांना राहतील. सासूबाई रुसल्यात. हे म्हणतात एक वर्ष बघू. मला माझा मुलगा सकाळी पोटात न दुखता उठायला हवाय, इंग्रजी मी घरी वाचून घेईन.

अलकापुरी_वेस्ट
तुमचा निर्णय, पण पुढे पस्तावाल असं वाटतं. निदान खाजगी गुजराती तरी बघायची होती.

मांजलपूरकर
अभिनंदन! हेच सांगत होतो.

गोत्री_पपा
इंग्रजी घरी होत नाही, ताई. आम्ही करून पाहिलंय.

विशेष_शिक्षिका_बडोदा
रावपुरा ताई, जुन्या शाळेचा दाखला काढण्याआधी तिथल्या टीचरकडून फॉर्म भरून घ्या, नंतर मागितला तर मिळणं अवघड जातं. नव्या बाईंना तो लगेच देऊ नका. त्यांची मुलाशी नीट ओळख व्हायला महिना-दीड महिना लागेल, मग भरायला सांगा. पुढच्या वेळी मॅडमना दोन्ही एकत्र दाखवा. झोप सुधारण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही त्यांच्यासमोर असेल.