‘होम फोल्डर’ला मराठीत काय म्हणावं?

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एका सर्व्हरवर प्रत्येक विद्यार्थ्याचा होम फोल्डर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फाइलींचा फोल्डर, आहे. कुठल्याही मशीनवर लॉगिन केलं तरी तोच उघडतो. विद्यार्थ्यांसाठी मराठीत सूचना लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. होम पेजला ‘मुखपृष्ठ’ चालतं, पण ‘मुख्य फोल्डर’ म्हटलं की सगळ्यांचा सामाईक वाटतो, म्हणजे नेमका उलटा अर्थ. ‘गृहफोल्डर’ कसा वाटतो?

प्रतिसाद : ‘गृह’ शेवटी आलं की जागा होते: वसतिगृह, स्वयंपाकगृह. आधी आलं की ‘घरी, घरचा’: गृहपाठ, गृहोद्योग. त्यामुळे गृहफोल्डर म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवरचा, असंच पोरं समजतील.

प्रतिसाद : मी ‘बिऱ्हाड’ सुचवतो. सर्व्हर हा वाडा. जागा मालकाची, पण आतला संसार आणि कुलूप आपलं. लिनक्समध्ये फोल्डरला ७०० परवानगी दिली की शेजाऱ्याला आत डोकावता येत नाही, तेच हे कुलूप. कोटा, म्हणजे प्रत्येकाला ठरवून दिलेली डिस्कवरची जागा, ही किती खोल्या मिळाल्या ते. विंडोजमधलं रोमिंग प्रोफाइल (सर्व्हरवर ठेवलेल्या आपल्या सेटिंग आणि फाइली) तर अक्षरशः विंचवाचं बिऱ्हाड, जिथे बसाल तिथे पाठोपाठ येतं. आणि लिनक्समध्ये रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या व्यवस्थापक खात्याचा, फोल्डर ‘होम’च्या (सगळे होम फोल्डर जिथे असतात त्या फोल्डरच्या) बाहेर का असतो? ‘होम’ बऱ्याचदा दुसऱ्या डिस्कवर किंवा दुसऱ्याच मशीनवर असतं. ते जोडलं गेलं नाही तरी दुरुस्तीसाठी रूटला आत येता आलं पाहिजे. म्हणून मालकाचं बिऱ्हाड वेगळं.

प्रतिसाद : शब्द गोड आहे, पण बिऱ्हाड भाड्याचं, आज ना उद्या हलायचं. ऑफिसात वीस वर्षं काढलेल्या माणसाला ते लागेल. आमच्याकडे सर्व्हरवरचा हा फोल्डर विंडोजमध्ये H: अक्षराने दिसतो, म्हणून सगळे सरळ ‘माझा एच ड्राइव्ह’ म्हणतात.

मूळ प्रश्नकर्ता : ऑफिसचं मान्य. विद्यार्थी मात्र तीन-चार वर्षांत जातातच, त्यांना बिऱ्हाड चपखल बसतं. वाड्याचा धागा पुढे नेला तर विद्यार्थी, शिक्षक आणि पाहुणे यांचे वेगळे चौक करता येतील. ‘होम’खाली असे विभाग पाडायची पद्धत जुनीच आहे. आमची चूक झाली ती चौकाच्या नावात. ‘प्रथम वर्ष’, ‘द्वितीय वर्ष’ असे फोल्डर केले. मग दर जूनला सगळी बिऱ्हाडं हलवा, आणि पोरांनी प्रोग्रॅममध्ये लिहिलेले फाइलींचे पूर्ण पत्ते (पाथ) मोडा. एखाद्याचं वर्ष गेलं तर त्याचा पत्ताच खोटा. आता प्रवेशाचं साल घालतो, ते कधी बदलत नाही.

प्रतिसाद : मग लिनक्समधल्या ‘स्केल’ (skel) फोल्डरला काय म्हणणार? नवीन खातं उघडताना त्यातल्या फाइली होम फोल्डरमध्ये उतरतात. नाव स्केलेटनवरून आलंय, पण ‘सांगाडा’ नका लिहू. नव्या बिऱ्हाडाला आधी लागते ती भांडीकुंडी, मी तोच शब्द घेईन.