मदत हवी आहे: साबरमती रिव्हरफ्रंटवर लहान मुलांना आणि आजींना घेऊन जायचंय

आम्ही अहमदाबादला मणिनगरला राहतो, येत्या रविवारी नाशिकहून सासूबाई येतायत. मुलगा ५ वर्षांचा, मुलगी अडीचची. सकाळी फ्लॉवर पार्क, मग अटल ब्रिज असा विचार आहे. पूल तीनशेक मीटरचा आहे, तेवढं सासूबाई हळूहळू चालतील पण गुडघे दुखतात त्यामुळे जिने नको.

मागच्या महिन्यात आम्ही चौघंच संध्याकाळी गेलो होतो, पण पुलावर एवढी गर्दी की स्ट्रोलर पुढे सरकेना आणि मुलगी कडेवरच झोपली. खालच्या प्रोमेनाडवर, म्हणजे पाण्यालगतच्या चालायच्या रस्त्यावर उतरलो तर मुलगा सारखा पाण्याकडे धावत होता, माझा जीव नुसता टांगणीला, दहा मिनिटांत परत वर आलो. म्हणून यावेळी वरच थांबायचंय, आणि अकराच्या आत निघायचंय कारण नंतर ऊन लागतं आणि मुलं किरकिरी होतात.

गाडी आहे. डबा आम्ही घरूनच नेणार, थेपले आणि दहीभात, पण आत खाऊ देतात का माहीत नाही, नाहीतर बाहेर कुठेतरी बसून खाऊ. नकाशे बघून झाले, त्यात जिने कुठे आणि रॅम्प कुठे काही कळत नाही.

तर हल्ली कोणी गेलं असेल तर सांगा प्लीज, फ्लॉवर पार्कच्या कुठल्या गेटजवळ पार्किंग करावं म्हणजे जिना न चढता पुलापर्यंत जाता येईल, आणि जवळपास लहान मुलांना नेण्यासारखं स्वच्छ टॉयलेट नेमकं कुठे आहे?