सिग्नलला एसी गरम : गॅस भरण्याआधी पंखा बघा

गाडी पळताना एसी गार, सिग्नलला थांबली की गरम हवा आणि इंजिनच्या टेम्परेचरचा काटाही वर, अशी तक्रार असली की कुणीतरी एसीचा गॅस भरायला सांगतंच. घाई नको. गॅस कमी असता तर बहुधा पळतानाही गारवा कमीच लागला असता. उभ्या गाडीत कंडेन्सरमधून (एसीची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) हवा ओढतो तो फक्त रेडिएटरजवळचा पंखा.

इंजिन आणि एसी चालू करून बॉनेट उघडा. पंखा फिरत नसेल तर फ्यूज बघा, मग त्याच नंबरचा दुसरा रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) लावून पाहा. तरी ढिम्म? मोटरचा कनेक्टर काढून फ्यूज लावलेल्या जाड वायरने बॅटरीतून थेट 12 व्होल्ट द्या. नीट फिरला तर मोटर ठीक. अडखळला तर बहुधा मोटरच्या आत वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत. बऱ्याच गाड्यांत पंख्याचा कमी वेग रेझिस्टरमधून (वीजप्रवाह कमी करणारा भाग) येतो. तो जळला की पंखा एसीला दाद देत नाही, इंजिन तापल्यावर एकदम जोरात सुटतो. अशा वेळी लोक उगाच अख्खी मोटर बदलून बसतात!

काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरतो, म्हणून आत हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह (−) वायर काढा. आणि गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका.