झेडएफएसवर डीडुप चालू करू का? मदत हवी आहे

गिरगावातल्या आमच्या फोटो स्टुडिओचा १२ टीबी डेटा झेडएफएस या फाइल सिस्टिमवर आहे. एकाच लग्नाचे फोटो तीन-तीन फोल्डरमध्ये कॉपी झालेत, म्हणून डीडुपचा (सारखे ब्लॉक डिस्कवर एकदाच ठेवायची सोय) विचार आहे. एलझेड४ कॉम्प्रेशनने फरक पडला नाही. जेपेग आधीच कॉम्प्रेस केलेले असतात, त्यांच्यावर पडणारही नव्हता. झेडडीबी या झेडएफएसच्याच तपासणीच्या टूलने चाचणी केली, त्यात डीडुपचं प्रमाण १.४ आलं, म्हणजे १.४ टीबी डेटा १ टीबीत मावेल. अडचण रॅमची: डीडुपचं ब्लॉकांच्या नोंदींचं टेबल रॅममध्ये मावायला हवं, पण मदरबोर्ड १६ जीबीच घेतो, आणि १२८ केबीच्या प्रत्येक वेगळ्या ब्लॉकला साधारण ३२० बाइट धरले तर टेबल २० जीबीच्या वर जातं. रेकॉर्डसाइझ (ब्लॉकचा कमाल आकार) १ एमबी केली तर ते तीन जीबीत बसेल, आणि कॉपी अख्ख्या फाइलींच्याच असल्याने जुळणीही टिकावी.

बॅकअप वेगळा आहे, सगळं पुन्हा लिहायची तयारी आहे. नवं मशीन मात्र परवडणार नाही. हार्डलिंक (एकाच फाइलला अनेक नावं) नकोत, एक फोटो एडिट केला की सगळेच बदलायची भीती.

हार्डडिस्कवर असं कोणी चालवलंय का? मोठे फोल्डर डिलीट करताना सर्व्हर किती रखडतो?